हलका हात

ईश्वरी गुल्हानेला फिट आली तेव्हा तिच्या हातात ड्रोनचा रिमोट होता.

सावळदरीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका संत्र्याच्या बागेवर ती फवारणी करत होती. गावच्या सोसायटीने ड्रोन घेतले होते आणि ते उडवायचा परवाना गावात तिच्या एकटीकडे होता. झाडांच्या रांगेवरून सरळ जाणारा ड्रोन एकदम तिरपा झाला, बांध ओलांडून गेला आणि शेजारच्या गोठ्याच्या टिनावर आदळला. आतली म्हैस दावं तोडून पळाली. माणूस कोणी त्याखाली सापडलं नाही, हे नशीबच. निंदणाऱ्या बाया धावत आल्या, तर ईश्वरी पाण्याच्या चारीत आडवी पडलेली, हातपाय झटके देताहेत, आणि समोरचा एक दात अर्धा तुटून ओठात रुतलेला.

संध्याकाळपर्यंत गावात एकच प्रश्न फिरत होता. "पण तिले तर सुई सुरू होती ना?"

सुई सुरू होती. फेफऱ्यावरच्या रोजच्या गोळ्या मागे पडून तीन महिन्यांची सुई आली, त्याला आता काही वर्षं झाली होती. पिठाच्या कणांएवढ्या बारीक मण्यांमध्ये औषध भरलेलं असे. ते कमरेच्या जाड स्नायूत सोडलं, की तिथे सतत खेळणारं रक्त त्या मण्यांना जरा जरा विरघळवत राही आणि मेंदूला रोज नेमकं तेवढंच औषध मिळे. गोळी विसरायची भीती नाही, चारचौघांत डबी लपवायची गरज नाही. या सुईच्या जोरावरच ईश्वरीने बारावी केली होती, परवाना काढला होता, आणि दोन वर्षांत तिला एकदाही फिट आली नव्हती.

ती सुई तिला द्यायची सुलभा तायवाडे.

सावळदरीच्या आरोग्य केंद्रात सुलभा सिस्टरचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिचा हात हलका, असं आसपासच्या गावांत सगळीकडे बोललं जाई. तालुक्याच्या दवाखान्यातली रांग सोडून लोक एवढ्या लांब तिच्याकडे येत. आया लेकरांना समजावत, "सुलभा सिस्टर हाय ना, मुंगीबी चावत नाही." सुईच्या नावाने पळणारे म्हातारे तिच्यापुढे निमूट पालथे होत आणि उठल्यावर विचारत, "झाली का?" तो प्रश्न ऐकला, की सुलभाचा दिवस चांगला जाई. नवरा वारला होता, मुलगा बंगळूरूला स्थायिक झाला होता. आपलं म्हणावं असं तिच्यापाशी जे होतं, ते हे एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी छाया गुल्हाने लेकीला घेऊन केंद्रात आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"सिस्टर, असं कसं झालं हो? इतके दिवस काही नव्हतं."

सुलभाने ईश्वरीच्या ओठावरची पट्टी बदलली. पोरगी हल्ली अंगाने चांगली भरली होती. या औषधाने भूक वाढतेच.

"झोप किती घेते गं?"

"घेते ना. लवकरच झोपते मी. पहाटे फवारणी असते," ईश्वरी ओठ न हलवता म्हणाली.

"आणि मोबाईल?"

"थोडा वेळ."

"थोडा वेळ म्हणजे?" सुलभा हसली. "आमच्यापासून काय लपवतेस? झोपमोड झाली की फिट येते, तुला माहीत आहे." मग ती छायाकडे वळली. "सुई आपलं काम करून राहिली, ताई. पण पोरगी रात्र रात्र डोळे फोडत बसली, तर सुई तरी काय करणार?"

"मी नाही बसत, सिस्टर," ईश्वरी म्हणाली.

"चूप," छाया म्हणाली. "सिस्टरले जास्त समजते का तुले?"

सुलभाने ते काही दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. फिट येण्याचं दुसरं कारण तिला सुचलं नाही, आणि तिने ते शोधलंही नाही. परवाना समितीचा माणूस चौकशीला आला, तेव्हा त्यालाही तिने तेच सांगितलं. सुई वेळेवर दिलेली आहे, मुलीचं जागरण होत असावं. समितीचा नियम साधा होता. उपचारात काही कमी राहिलं असेल, तर ते दुरुस्त झाल्यावर परवाना परत मिळे. स्वतःच्या हलगर्जीपणामुळे फिट आली असेल, तर परवाना कायमचा जाई. अंतिम सुनावणीपर्यंत ईश्वरीचा परवाना अडकवून ठेवला गेला आणि सोसायटीने बाहेरगावचा एक माणूस ड्रोनवर आणला.

*

त्यानंतर काही आठवड्यांनी केंद्रात 'गोचर' आलं.

डॉ. आफरीन शेख ते घेऊन आल्या. त्यांच्याकडे पाच-सहा केंद्रं होती. आठवड्यातून एक दिवस त्या सावळदरीला येत. गोचर म्हणजे कपड्यांच्या ब्रशएवढं एक यंत्र आणि त्याला जोडलेला एक छोटा पडदा.

"या सुईच्या मण्यांमध्ये कंपनी सुरुवातीपासून एक रंग घालते," आफरीन म्हणाल्या. "आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. हे यंत्र कातडीतून प्रकाशाचा अगदी बारीक ठोका मारतं. आतले मणी तो प्रकाश पितात, किंचित तापतात, फुगतात, आणि फुगताना आवाज करतात. तो आपल्याला ऐकू येत नाही, याला येतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती उशिरा आला, त्यावरून वीज किती लांब पडली ते सांगतो ना आपण? तसंच. आवाजाला किती वेळ लागला त्यावरून मणी किती खोल आहेत ते कळतं, आणि किती जोरात आला त्यावरून त्यात औषध किती उरलंय ते."

"आणि हे बघून करायचं काय?" सुलभाने विचारलं.

"कोणाचं औषध लवकर संपतं, कोणाचं उशिरा. सगळ्यांना तीनच महिने कशाला? ज्याला जेव्हा लागेल तेव्हा द्यायची."

समोर बसलेल्या एका काटकुळ्या म्हाताऱ्याला त्यांनी झोपवलं आणि यंत्र त्याच्या कमरेला टेकवलं. पडद्यावर वर कातडीची पांढरी रेघ आली, तिच्याखाली चरबीचा पिवळा पापुद्रा, आणि त्याखाली स्नायूचा तांबडा जाड थर. त्या तांबड्यात निळसर ठिपके होते, बहुतेक फिके पडलेले.

"फिका निळा म्हणजे रिकामी टरफलं. ती वर्षभर राहतात. गडद निळा म्हणजे भरलेला मणी," आफरीन म्हणाल्या आणि हसून सुलभाकडे पाहिलं. "बघा सिस्टरची सुई. कशी नेमकी बसलीय!"

म्हातारा पालथा पडूनच म्हणाला, "त्याले काय यंत्र लागते? हातच तसा हाय सिस्टरचा."

सुलभा लाजली. त्या दिवशी ती फार खुशीत घरी गेली.

ईश्वरीच्या सुईची पाळी त्याच आठवड्यात होती. डॉक्टर नव्हत्या. छाया बाहेर बाकावर बसली होती. ईश्वरी आत येऊन कुशीवर झाली. तुटलेल्या दातामुळे ती हल्ली तोंड मिटूनच बोलायची.

सुलभाने जेल लावून गोचर टेकवलं. पांढरी रेघ आली. मग पिवळा थर आला, चांगला दोन बोटं जाड. त्याच्या बराच खाली तांबडा. तांबड्यात काही नव्हतं. तिने यंत्र जरा वर घेतलं, जरा बाजूला घेतलं, पुन्हा जागेवर आणलं.

निळं पिवळ्यात होतं. मधोमध, दाबून बसवल्यासारखं चपटं. त्याच्या शेजारी आणखी एक, त्याच्या खालच्या बाजूला आणखी एक. शेवटची सुई, त्याआधीची, त्याच्याही आधीची. सगळ्या गडद निळ्या. जे औषध केव्हाच रक्तात मिसळून संपायला हवं होतं, ते जसंच्या तसं चरबीत पडून होतं. चरबीत रक्त फारसं खेळत नाही. तिथे मणी विरघळायचे तरी कशाने?

सुलभाने यंत्र उचललं, पुसलं आणि पुन्हा टेकवलं. चित्र तेच आलं.

हे कसं झालं, ते तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. औषधाच्या पाकिटात एक लांब सुई येते, चांगली तर्जनीच्या निम्म्याहून लांब. ही सुई सुरू झाली तेव्हा ती लांबी बघून लोक खाटेवरून उठून पळाले होते. तेव्हा सुलभाने लांब सुया बाजूला काढून ठेवल्या आणि लहान मुलांच्या लसीची बारीक, आखूड सुई लावायला सुरुवात केली. जागाही तीच ठेवली, जुनी, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातली, जिथे माणसाची चरबी सगळ्यात जाड असते आणि दुखतं सगळ्यात कमी. काटकुळ्या माणसांना ती आखूड सुईही स्नायूपर्यंत पोचे. ईश्वरी पूर्वी तशीच होती. मग ती भरत गेली, आणि सुई तेवढीच राहिली.

सुई स्नायूत जात नव्हती म्हणून दुखत नव्हती. एवढ्या वर्षांचा तिचा हलका हात म्हणजे एवढंच होतं.

"काय दिसते, सिस्टर?" ईश्वरीने मान वळवून विचारलं.

त्या क्षणी सुलभा खरं सांगू शकली असती. नंतर तिने तो क्षण पुष्कळदा आठवून पाहिला. घाई नव्हती, खोलीत तिसरं कोणी नव्हतं, पोरगी रागीट नव्हती. काहीच आड येत नव्हतं.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली आणि पडदा बंद केला.

मग तिने कपाटाच्या तळाचा डबा काढला आणि लांब सुई घेतली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं तिला सगळं आठवत होतं. विसरली होती अशातला भाग नव्हता. ईश्वरी डाव्या कुशीवर होती. सुलभाने डाव्या हाताचा तळवा तिच्या मांडीच्या हाडाचा गोळा बाहेर येतो त्यावर टेकवला. तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाला लावली, मधलं बोट त्या हाडाच्या कडेने मागे फाकवलं. दोन बोटांमध्ये जी बेचकी झाली, ती जागा. तिथे चरबी पातळ असते, खाली जाड स्नायू असतो आणि पायाची मोठी नस तिथून लांब असते. तिने ती जागा पुसली, वाळू दिली. बोटांनीच कातडी एका बाजूला ताणून धरली आणि सुई काटकोनात, एका दमात, मुळापर्यंत आत घातली. औषध सावकाश सोडलं. थोडं थांबली. सुई सरळ बाहेर काढली आणि मगच कातडी सोडली. ताणलेली कातडी जागेवर गेली, की सुईची वाट मोडते आणि औषध वर झिरपत नाही. कापूस नुसता दाबून धरला, चोळला नाही.

ईश्वरीने पाय आखडून घेतला होता. "आज दुखलं," ती नवलाने म्हणाली.

"नवीन कंपनीची आहे," सुलभा म्हणाली.

*

चरबीतलं जुनं औषध थोडं थोडं झिरपत होतं, त्यात ही पूर्ण सुई लागू पडली. आठवडाभर ईश्वरी गरगरत, पेंगत होती. छायाने येऊन सांगितलं तेव्हा सुलभा म्हणाली, "होते असं. आता झोप पुरी व्हायला लागली ना." हे म्हणताना तिला स्वतःच्या आवाजाची किळस आली. तरी आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

त्यानंतर सुलभा सगळ्यांना लांब सुईने, नव्या जागी, नीट सुई देऊ लागली. कोणाला काही न सांगता. लोक कण्हत उठत. बाहेर कुजबुज सुरू झाली, सिस्टरचा हात जड झाला, वय झालं. काही जण दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जाऊ लागले. सुलभा हे ऐके आणि मान खाली घालून काम करत राही. हीच आपली शिक्षा, असं तिने स्वतःला पटवलं. पण तेवढ्याने भागणार नाही, हे तिलाही कळत होतं.

पुढच्या सुईच्या दिवशी छाया पिशवीभर संत्री घेऊन आली.

"एकबी फिट नाही आली, सिस्टर! तुमचं ऐकलं म्हणून. मोबाईल मी माझ्या पेटीत ठेवला. तिच्या दाराशीच झोपतो मी. आधी लय भांडली, म्हणे आई मी जागत नाही. आता नाही भांडत." तिने संत्री टेबलावर ओतली. "तुम्ही नसत्या तर मले समजलंच नसतं पोरगी काय करून राहिली ते."

सुलभाला त्या संत्र्यांकडे बघवेना. "सुनावणी कधी आहे?" तिने विचारलं.

"येत्या सोमवारी. जाऊन येतो. परवाना काही परत मिळणार नाही म्हणते बाबा तिचे. जाऊ द्या, जीव वाचला पोरीचा."

ईश्वरी बाहेर हात धुवायच्या बेसिनपाशी उभी होती. सुलभा तिच्याजवळ गेली. या पोरीला सावरणारे दोन शब्द बोलावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

"सोमवारी काय सांगणार आहेस?"

"सांगते ना, माझी चूक झाली म्हणून." ईश्वरी नळाकडे बघत होती. "मी जागत होते असं मला खरंच आठवत नाही, सिस्टर. पण तुम्ही म्हणता, आई म्हणते. मोबाईल घेतल्यापासून फिटही नाही आली. म्हणजे मी जागतच असेन." तिने नळ बंद केला. "झोपेत उठून मोबाईल बघत असेन आणि सकाळी आठवत नसेल, असं होते का हो? आजकाल मला कशाचीच खात्री वाटत नाही. ड्रोन नाही दिला तेच बरं."

सुलभाने काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं, ते तिला नंतर आठवलं नाही. केंद्रात परत येऊन ती खुर्चीत बसली. आपण या पोरीच्या कमरेत चुकीची सुई दिली होती, तिची दुरुस्ती झाली होती. पण ज्या डोक्याला औषध पोचावं म्हणून हा सगळा खटाटोप, त्या डोक्यात आपण जे घातलं होतं, ते तसंच होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोचर पिशवीत घालून गुल्हान्यांच्या घरी गेली. छाया चुलीपाशी होती, ईश्वरी भाजी निवडत होती. सुलभाने चहा नको म्हटलं.

"ईश्वरी, कुशीवर हो बरं."

तिने पडदा पोरीच्या तोंडासमोर धरला आणि यंत्र टेकवलं. पिवळ्यातले ते गडद ठिपके आता जरा फिकुटले होते, पण होते. मग तिने यंत्र पुढे, नव्या जागेवर सरकवलं. तिथे तांबड्यात दोन सुया होत्या, कालची गडद आणि तिच्याआधीची पसरलेली, फिकी, काम उरकलेली.

"ते पिवळ्यातले ठिपके माझ्या जुन्या सुया आहेत," सुलभा म्हणाली. "त्या आत गेल्याच नाहीत. मी आखूड सुई वापरत होते. तुला औषध मिळतच नव्हतं. म्हणून फिट आली. तू जागत नव्हतीस."

ईश्वरीने पडद्यावरची नजर काढली नाही. मग छाया उठून आली.

"तुम्ही तिले पाठीशी घालून राहिल्या, सिस्टर. परवाना मिळावा म्हणून. असं नका करू, तुमच्या नोकरीवर येईल."

"मी खरं सांगते आहे."

"तुमच्या हातून असं व्हते काय? उभं गाव सांगते तुमचा हात..."

"हात हलका होता, कारण सुई आत जात नव्हती, ताई!" सुलभा ओरडलीच. तिला रडू फुटलं, आणि आपण रडतोय याचीही लाज वाटली. रडायचा हक्क या घरात दुसऱ्या कोणाचा होता.

ईश्वरी उठून बसली. तिने कपडे नीट केले. पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"हे यंत्र तुम्ही आधीही लावलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं, काय दिसते. तुम्ही बघूनच सांगितलं होतं ना?"

"हो. बघून सांगितलं."

ईश्वरीने मान हलवली. ती ओरडली नाही. "सुईचं मला समजते, सिस्टर," ती सावकाश म्हणाली. "मीबी ड्रोन चालवताना चुकली आहे. एकदा एकाच्या बागेत औषध जास्त पडलं होतं. पण तुम्ही मला..." ती उठली आणि मागच्या अंगणात निघून गेली. छाया आपल्या आणि सुलभाच्या मधल्या रिकाम्या चटईकडे बघत उभी राहिली.

तिथून सुलभा परस्पर डॉ. आफरीन यांच्याकडे गेली. त्या दुसऱ्या एका केंद्रात पेशंट तपासत होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"किती जणांना?"

"सगळ्यांनाच. जे अंगाने बारीक आहेत त्यांना लागू पडली असेल. बाकीच्यांचं... बघावं लागेल."

"आणि कळल्यावर तुम्ही गुपचूप बरोबर द्यायला लागलात. मला न सांगता. शिल्लक औषधावर पूर्ण डोस!" आफरीन यांचा आवाज चढला. "एखादी दगावली असती, सिस्टर!"

"हो."

"मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा," सुलभा म्हणाली.

सोमवारच्या सुनावणीला ती गेली. समितीसमोर तिने सांगितलं, की फिट आली ती उपचारातल्या चुकीमुळे, आणि ती चूक तिची. एका सदस्याने विचारलं, मग आधी जागरणाचं काय सांगितलं होतं? सुलभा म्हणाली, ते मी मनाने ठरवून सांगितलं होतं, आणि खरं कळल्यावरही ते मागे घेतलं नाही. गोचरचं चित्र पाहून समितीने ईश्वरीचा परवाना परत देण्याचं ठरवलं. खोलीबाहेर ईश्वरी तिच्या शेजारून गेली, तेव्हा सुलभा भिंतीला लागून उभी राहिली.

मग आफरीन यांनी सगळ्यांनाच तपासायला बोलावलं. सुलभाला सुई देण्याच्या कामावरून काढून केसपेपरच्या खिडकीत बसवलं होतं. चौकशी अजून चालू होती. खिडकी दाराशीच होती, त्यामुळे आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रत्येक जण तिच्यासमोरून जाई. कोणाच्या कमरेत निळं पिवळ्यात निघे, कोणाच्या तांबड्यात. एका मास्तरांची वर्गात फिट आल्यावर नोकरी गेली होती. एक सासुरवाशीण फिट लपवली म्हणून माहेरी पाठवली गेली होती. ती आत जाऊन आली आणि खिडकीपाशी थांबली. सुलभा आता काय ऐकायचं म्हणून वाट बघत राहिली, पण तिने फक्त पुढच्या तारखेचा कागद मागितला.

उलट ज्यांचं काही बिघडलं नव्हतं ते खिडकीत वाकून म्हणत, "तुम्ही काहून एवढं मनावर घेता, सिस्टर? त्या शेख मॅडमची सुई लय दुखते. तुमच्या पहिल्यासारखी कोणाची नाही." असं कोणी म्हटलं, की सुलभाला खिडकी लावून घ्यावीशी वाटे.

ईश्वरीच्या सुईचा दिवस आला तेव्हा ती आईबरोबर आली. कामावरून आली होती, बुटांना बागेची माती होती. तुटलेल्या दातावर आता टोपी बसवली होती. केसपेपर घेताना तिने सुलभाला नाव सांगितलं, जणू ते सुलभाला ठाऊक नव्हतं. सुलभाने लिहून घेतलं. ईश्वरी आत गेली. आफरीन यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता, "पाय सैल सोड. आता टोचेल हं."

दुपारची वेळ होती, रांग संपली होती. सुलभा खिडकी बंद करून बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला येऊन बसली. दुसऱ्या टोकाला छाया होती. सुनावणीनंतर ती सुलभाशी एक शब्दही बोलली नव्हती. आज भांडेल, असं सुलभाला वाटलं. तिने भांडावं, असंच सुलभाला वाटत होतं.

"तुम्हाले एक सांगायचं होतं," छाया समोर बघत म्हणाली. "मी तिच्या खोलीची कडी बाहेरून लावत होती. झोपताना. मोबाईल शोधाले उठू नये म्हणून."

सुलभाने तिच्याकडे पाहिलं.

"एकदा तिले बाहेर जायचं होतं. लय वेळ दार वाजवलं तिनं. मी जागीच होती. उघडलं नाही." छायाने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही सांगितलं म्हणून लावली, असं मी सगळ्याईले सांगत असतो. पण तुम्ही तर कडी लावाले नव्हतं सांगितलं. ती माही माहीच लावली मी. माही पोरगी आई आई म्हणत होती, अन् मी सुईवाल्या बाईचं... सिस्टरचं खरं मानलं, तिचं नाही."

चूक तुमची नाही, असं म्हणायला सुलभाने तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत असं वाक्य तिने शेकडो आयांना ऐकवलं होतं. आता ते तिला म्हणता येईना. तिने सांगितलेलं या बाईने आजवर सगळं खरं मानलं होतं. हेही मानलं असतं.

आतून ईश्वरी बाहेर आली. किंचित लंगडत होती. ती बाकासमोरून पायऱ्या उतरली, फाटकापर्यंत गेली आणि तिथे वळून उभी राहिली.

"आई, येतेस ना?" तिने हाक मारली.

छाया उठली नाही. सुलभाही नाही. दोघी एकाच बाकावर, मध्ये माणूसभर जागा सोडून, खालच्या फरशीकडे बघत बसून राहिल्या. फाटकापाशी पोरगी थांबली होती, आणि तिच्याकडे जायचं तर आधी मान वर करावी लागणार होती.